सुनेच्या नावाची मनिऑर्डर

आप्पा,

काल तुमच्या दिवसकार्याची गंधमुक्ती झाली. मांडव अजून उतरवलेला नाही. पाहुणे संध्याकाळच्या गाडीने गेले, माय आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि मी चुलीशेजारी पाट घेऊन तुम्हाला लिहायला बसले आहे. उद्या दुपारी मला तळोद्याच्या आरोग्य केंद्रात हजर व्हायचं आहे. सगळे म्हणाले, रजा वाढवून घे, सासरा गेला आहे, कोण नाही म्हणेल? तुम्ही असतात तर एवढंच म्हणाला असतात, "सरकारना पगार लेस ना? मंग जाय."

तुमच्याशी इतकं सलग मी कधी बोलले नाही. या घरात आले तेव्हा सोळा वर्षांची होते. माहेर तळोद्याचं, वडील शाळामास्तर, सातवीची फायनल पास झालेली मी. तुम्ही कळसाडीचे पाटील. सुनेने सासऱ्यासमोर यायचं नाही, डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि सासऱ्याने सुनेला हाक मारायची नाही, हे घराचं वळण. पण घर चालवायचं तर बोलणं लागतंच. मग तुम्ही सोन्याला सांगायचात. सोन्या म्हणजे तुमचा लाडका बैल, ओट्याला लागून त्याची दावण. "सोन्या, आज पाहुना येतीन, दोन भाकरी जास्ती टाकाले सांग." मी आतून ऐकायची आणि परातीत पीठ वाढवायची. मला काही कळवायचं असलं की मी सासूला, मायला, मोठ्याने सांगायची आणि तुम्ही ओट्यावर खोकायचात. खोकला म्हणजे पोचलं. परक्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. आपल्याला त्याची इतकी सवय झाली होती की सोन्या आजारी पडला त्या आठवड्यात घरात अबोला झाल्यासारखं वाटलं होतं.

हे, आपल्या मंगलचे वडील, फौजेत गेले ते तुम्हाला न विचारता. तालुक्याला सरकी आणायला म्हणून गेले आणि भरती होऊन आले. एवढी जमीन असताना एकुलता मुलगा बंदूक धरायला जातो, हे तुम्हाला बरेच दिवस पचलं नाही. पण दर महिन्याला त्यांच्या पगारातून घरचा वाटा मनिऑर्डरीने यायला लागला, आणि पोस्टमन ओट्यापाशी उभा राहून तुमचं नाव पुकारायचा तेव्हा तुम्ही मुद्दाम जरा उशिराने उठायचात. गल्लीने ऐकावं म्हणून. मी खिडकीतून पाहायची.

माझं पहिलं बाळंतपण तुम्हाला आठवत असेल. आपण दोघांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही, सोन्याकरवीसुद्धा नाही. बाळ आडवं आलं होतं. गावची दाई घाम गाळत होती, तिचा दोष नव्हता. तुम्ही गाडी जुंपलीत, मला शहाद्याला न्यायला निघालात, आणि गोमाई नदीला पूर. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून पलीकडच्या नावाड्याला हाका मारत होतात, ते मला गाडीतून ऐकू येत होतं. पाणी उतरलं तोवर सगळं संपलं होतं. ते इवलंसं गाठोडं तुम्ही स्वतः हातात घेतलंत, दुसऱ्या कोणाला घेऊ दिलं नाहीत.

त्यानंतर हे रजेवर आले आणि मला आपल्याबरोबर छावणीत घेऊन गेले. तुम्ही अडवलं नाहीत. सोन्याला म्हणालात, "जावू दे. हवा बदलाले जोयजे." हवा खरंच बदलली. छावणीत जवानांच्या बायकांसाठी वेगळा दवाखाना होता. मंगल तिथे जन्मली, आणि तीही सरळ नव्हती, पायाळू. मला वाटलं, पुन्हा तेच. पण तिथली नर्स, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, शांतपणे म्हणाली, "घाबरू नका, मला हे येतं." आप्पा, 'मला हे येतं' हे शब्द मी बाईच्या तोंडून तोवर फक्त स्वयंपाकाबद्दल ऐकले होते.

मंगल सहा महिन्यांची झाली तशी मी त्या दवाखान्यात जायला लागले. आधी चादरी घड्या करायला, मग पाणी उकळायला, मग बाळं धरायला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सातवी पास आहेस, रीतसर शिक. जवानाची बायको म्हणून पलटणीच्या वेल्फेअरमधून फीसुद्धा सुटेल. यांनी साहेबांना सांगून अर्ज केला. दोन महिने शिकलेही. आणि पलटणीला सीमेवर जायचा हुकूम आला. बायकामुलांनी आठवड्याच्या आत आपापल्या गावी जावं. वेल्फेअर त्या छावणीपुरतं होतं. पलटण हलली तसा आमचा हक्कही हलला. मी रडले. हे ट्रंकेला दोरी बांधत होते. न बघताच म्हणाले, "रडू नको. धुळ्यालाही शिकवतात, मी चौकशी केली आहे. तिथं वेल्फेअर नाही, पण माझा पगार तर आहे."

आणि मग त्यांनी ती गोष्ट केली, जिच्यामुळे आपल्या घरात आग लागली. घरचा वाटा त्यांनी तुमच्या नावावरून काढून माझ्या नावावर केला.

पहिल्यांदा पोस्टमन आला तो दिवस कापूस वेचणीचा होता. ओट्यावर चार माणसं बसली होती. त्याने नेहमीसारखी हाक मारली, पण नाव माझं घेतलं. सगळं नाव, नवऱ्याच्या नावासकट, तुमच्या आडनावासकट. तुम्ही उठला होतात, तसेच उभे राहिलात. पोस्टमनलाही कसंतरी झालं. तो म्हणाला, "आप्पा, बाईनी सही लागस, मी काय करू?" मी पदर नाकापर्यंत ओढून बाहेर आले, खाली मान घालून सही केली आणि आत पळाले. पण सही सुरेख आली होती, हे आजही सांगते.

माणसं गेली आणि तुम्ही सोन्याला नाही, मायला नाही, सबंध घराला ऐकू जाईल असं बोललात. "पैसानं काही नही. पन डाक्या मन्हा ओटावर उभा ऱ्हाईसन मन्ही सूननं नाव ली ऱ्हायना. हाई आयकासाठे जगनू का मी?"

मायने विचारलं, कशासाठी हवेत तिला पैसे? मी आतून सांगितलं. धुळ्याला जायचं आहे. नर्सचं, बाळंतपणाचं शिकायला. विद्यावेतन मिळतं, पण त्यात मेसचंही भागत नाही. प्रवेशाचे भरावे लागतात, गणवेश आहे, पुस्तकं आहेत.

"दाईनं काम शे ते," तुम्ही म्हणालात. "पाटीलनी सून घरेघर फिरीसन बाळंतपनं करी?"

मी पहिल्यांदा घराचं वळण मोडलं. दाराआडूनच, पण तुम्हालाच उद्देशून बोलले. म्हणाले, "गोमाईले पूर व्हता तो दिन आपलाजोडे अशी कोनी व्हती का?"

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. माय माझ्यावर चिडली. म्हणाली, "ते दुख तू त्यासले दखाडं?" मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. दोन महिने घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

मग तुम्ही कापसाच्या गाड्या घेऊन जिनिंग कारखान्याला गेलात आणि तिथून कोणालाही न सांगता पुढे धुळ्याला. परत आल्यावर ओट्यावर बसून मायला सगळं सांगितलंत. आवाज मुद्दाम मोठा होता, मला ऐकवायला.

तुम्ही दवाखान्याच्या फाटकातून आत गेलात, तर मुख्य नर्सबाईंनी अडवलं. पुरुषांना पुढे जायला मनाई. तुम्ही म्हणालात, मी पोरगी ठेवणार आहे इथे, जागा बघितल्याशिवाय ठेवणार नाही. बाई म्हणाल्या, बघा, पण पगडी-जोडे इथे काढून ठेवा आणि हात धुवा. आणि कळसाडीच्या पाटलाने हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत, त्यांनी दाखवले तसे. मग त्यांनी तुम्हाला मुलींची राहायची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, विहीर दाखवली. तुम्ही खाटा हलवून पाहिल्यात. कोणाकोणाच्या मुली आहेत विचारलंत. बाईंनी सांगितलं, सगळ्या जातींच्या आहेत आणि एकाच पंगतीत जेवतात. शेवटी बाईंनी विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?"

इथे तुम्ही थांबलात. मायने विचारलं, "मंग काय सांगं?"

"काय सांगसू? बाप म्हनीसन सांगं. सासरा सांगता तं तिनी ईश्वास ठेवता का?"

मी आत भाकरी थापत होते. ती भाकरी तव्यावर जळली.

थोड्या वेळाने तुम्ही बैलाकडे वळलात. "सोन्या, तिले सांग, टरंक भरी ठेव. सोमवारे जानं शे."

मंगल तेव्हा तीन वर्षांचीही झाली नव्हती. तिला मायपाशी ठेवून मी गेले. सारंगखेड्याला तापी ओलांडताना तुम्ही माझी ट्रंक स्वतः डोक्यावर घेतलीत. हमाल होते. तुम्ही त्यांना हात लावू दिला नाहीत. लोक बघत होते, आणि मी दहा पावलं मागून पदर सावरत चालले होते. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की पाण्याकडे बघून मी उगाचच हसत होते. तुम्हाला काय वाटत होतं, ते कळायला मार्ग नव्हता. तुमची पाठ दिसत होती फक्त.

पैशाचा वाद मात्र तिथेच सुरू झाला. धुळ्याला तुम्ही कोपरीच्या खिशात हात घातलात आणि मी आधीच माझ्या पिशवीतून प्रवेशाचे पैसे काढून टेबलावर ठेवले. मनिऑर्डरीतले. तुम्ही बाहेर आल्यावर झाडाकडे बघत म्हणालात, घरात विहीर खोदायची झाली तर कोणी पोराच्या पगारातून खोदतं का? शेतातून खोदतात. सुनेचं शिक्षण म्हणजे घराची विहीर. फौजेतला पैसा त्याचा आहे, तो तिकडे बर्फात उभा राहून मिळवतो, तो परत येईल तेव्हा त्याला लागेल. मीही त्याच झाडाकडे बघत म्हणाले, त्यांनी माझ्या नावाने धाडला तो मी याचसाठी घेतला, नाहीतर तुमचं नाव काढायची गरजच नव्हती. झाडाला दोघांचं पटत असावं. ते गप्प होतं.

ते पहिलं वर्ष मी यांच्याच पैशावर काढलं. तुम्ही महिन्याकाठी येत होतात. तूप, शेंगदाणे, मायने केलेला ठेचा, आणि एकदा मंगल. ती मला ओळखेना. तुमच्या मागे लपली. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि तोंड धुऊन आले. परत आले तर तुम्ही तिला सांगत होतात, "तुन्ही माय शिकी ऱ्हायनी. मोठी नर्स व्हई. मंग जीपमा बसी." त्या पोरीने मला जीपसाठी स्वीकारलं, आप्पा.

आणि मग चीनशी लढाई पेटली.

यांची पलटण तिकडेच होती. पत्रं थांबली, मनिऑर्डर थांबली. वर्तमानपत्रात जे यायचं ते आम्ही मुली जेवणघरात मोठ्याने वाचायचो आणि मग वाचायचं सोडून दिलं. घरी तार गेली की ते बेपत्ता आहेत. गावात लोक यायला लागले. मायचे भाऊ आले. म्हणाले, पोरीला परत आणा. नवऱ्याचा ठावठिकाणा नाही, आणि ती तिथे पांढरं पातळ नेसून परक्यांची बाळंतपणं करते, हे शोभतं का? कोणी म्हणालं, तिने आधीच पांढरं नेसलं म्हणूनच हे झालं. मला हे सगळं नंतर मायने सांगितलं. तुम्ही त्या बैठकीत काय बोललात, मी विचारलं. म्हणाली, ते उठून बस धरायला गेले.

तुम्ही आलात तेव्हा मी वॉर्डात होते. मला बोलावणं आलं. मी तशीच, पांढऱ्या गणवेशात, मोकळ्या हातांनी व्हरांड्यात आले. वॉर्डात बांगड्या चालत नसत. तुम्ही मला तशी कधी पाहिली नव्हती. महिन्याकाठच्या भेटींना मी घरचं लुगडं नेसून यायची. तुम्ही खांबाला धरलंत. मला वाटलं, तुम्ही न्यायला आलात. मी मनातून तयारही झाले होते. पैसे संपले होते, परीक्षेची फी भरायची राहिली होती, आणि आत कुठेतरी मलाही वाटत होतं की आपल्या शिकण्याचीच ही किंमत आहे.

तिथे सोन्या नव्हता. माय नव्हती. झाडसुद्धा जरा लांब होतं. आणि तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा माझं नाव घेतलंत.

"इंदू. परीक्षा कव्हय शे?"

मी सांगितलं, पुढल्या महिन्यात.

"दे."

मी म्हणाले, यांचा पत्ता नसताना?

तुम्ही खांब सोडलात आणि सरळ उभे राहिलात, ओट्यावर पंचायतीपुढे राहायचात तसे. "मन्हा पोऱ्यानं येनं देवना हातमा शे. परीक्षा तुन्हा हातमा शे. तू दे. मानसं काय बोलतीन ते मी आयकसू."

मग तुम्ही धोतराच्या सोग्यातून एक पुडकं काढलंत. मायने पाठवलेल्या हिरव्या बांगड्या. मी म्हणाले, "कामावर घालता येत नही, आप्पा." तुम्ही थोडा विचार केलात. "मंग टरंकमा ठेव. परीक्षा व्हयनी का घाल. भरेल हातनी ये घर." आणि ऑफिसात जाऊन तुम्ही माझी फी भरलीत, मेसचे थकलेले भरलेत, आणि बाहेर येऊन माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंत की मला वाद घालायची सोय राहिली नाही. विहिरीचा खर्च अखेर शेताने केला.

परीक्षेला तुम्ही पुन्हा आलात. लेखी, तोंडी, प्रत्यक्ष काम, सगळे दिवस दवाखान्याच्या समोरच्या धर्मशाळेत राहिलात. तोंडी परीक्षेत मला विचारलं, बाळ आडवं असलं तर दूरच्या खेड्यात काय कराल? मी उत्तर दिलं. परीक्षक म्हणाले, हे तुम्ही पुस्तकातून नाही शिकलात. मी म्हणाले, नाही. मी पास झाले. नुसती पास नाही, पहिल्या तिघींत होते. तुम्ही निकाल ऐकून धर्मशाळेतल्या अनोळखी माणसांना पेढे वाटलेत आणि मला घरी घेऊन निघालात. गाव आलं तेव्हा म्हणालात, "बांगड्या घाल." मी गाडीतच घातल्या.

हे सापडले त्यानंतर. बर्फात पायाची दोन बोटं गमावून कुठल्याशा इस्पितळात होते, नावाचा घोळ झाला होता. घरी आले तेव्हा लंगडत होते आणि मी तळोद्याच्या केंद्रात नोकरीवर रुजू झाले होते. घरात शिरताना त्यांनी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. तुम्ही त्यांना उठवून पहिली गोष्ट सांगितलीत ती माझ्या निकालाची. बोटांचं नंतर विचारलंत. हे अजून हसतात त्यावर.

त्यांचा अडकलेला पगार एकदम मिळाला तेव्हा मी तुमच्या फीचे पैसे ताटात ठेवून मायकरवी तुमच्यासमोर सरकवले. तुम्ही ताट परत सरकवलंत. पुढल्या दिवाळीला मी पुन्हा ठेवले. तुम्ही पुन्हा सरकवलेत. मी म्हणायची, अर्धं शिक्षण नवऱ्याच्या पगारावर झालं, उरलेलं माझ्यावर उधार कशाला? तुम्ही म्हणायचात, घरात उधार नसतं. हा वाद आपण मिटवला नाही. मी हरले असं मला अजून वाटत नाही. तुम्हीही तसं म्हणणार नाहीत.

तळोद्याहून वर, डोंगरातल्या गावांना जीप जाते तिथवर जीप आणि पुढे पायी, असं माझं काम. सुरुवातीला तिथल्या बाया माझ्याशी बोलत नसत. त्यांची बोली मला येईना, माझी त्यांना. हळूहळू शब्द गोळा केले. दुखतं, थांब, जोर लाव, पाणी दे, मुलगी झाली. एवढ्यावर पुष्कळ काम होतं. मंगलला वचन दिल्याप्रमाणे एकदा जीपमध्ये बसवली. तुम्हीही बसलात. डोंगरातल्या आठवडी बाजारात उतरलात तर एका म्हाताऱ्याने त्याचं घोंगडं पसरून तुम्हाला बसवलं आणि दहा माणसांना बोलावून आणलं. तुम्ही विचारलंत, मला कसा ओळखतो हा? मी म्हणाले, तुम्हाला नाही, मला ओळखतो. मी सांगितलं की हे माझे आप्पा. तुम्ही घोंगड्यावर मांडी घातलीत आणि तासभर तुमच्या पगडीखालून जे हसू गळत होतं ते गावात कधी कोणी पाहिलं नसेल.

पण मला तुमचा खरा अभिमान वाटला तो वेगळ्या दिवशी. मी सुट्टीवर कळसाडीला आले होते. भरदुपारी गावाबाहेरच्या भिलाटीतून, भिल्लांच्या वस्तीतून, एक माणूस धावत आला. त्याची सून अडली होती. तो ओट्याच्या खाली उभा राहिला, वर चढला नाही. तुमच्या काळातल्या पाटलाने काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. मी पिशवी घेऊन दारात आले तोवर तुम्ही गाडी जुंपली होती. सोन्या तेव्हा म्हातारा झाला होता, तरी त्यालाच जुंपलंत. त्या वस्तीत, झोपड्यांच्या मधे, तुम्ही उन्हात गाडीपाशी उभे राहिलात. मी आत होते. मूल पायाळू होतं. वेळ लागला. पोर रडली तेव्हा बाहेरून तुमचा आवाज आला, तुम्ही मोठ्याने विचारत होतात, "दोन्ही जीव बरा शेत ना?"

मी बाहेर आले. त्या घरचा म्हातारा हातावर गुळाचा खडा घेऊन तुमच्यासमोर उभा होता. हात पुढे करावा की नाही, असा. आयुष्यभर तुम्ही त्या वस्तीतलं पाणी घेतलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग गूळ उचललात आणि तोंडात टाकलात. बस्स. परत येताना तुम्ही गाडी हाकत होतात आणि मी मागे बसले होते, आणि मला वाटलं, माझ्या प्रमाणपत्रावर एका माणसाचं नाव लिहायचं राहून गेलं आहे.

गावात चारचौघांत तुम्ही शेवटपर्यंत माझ्याशी सोन्याकरवीच बोललात. तो गेल्यावर त्याच्या रिकाम्या दावणीकडे बघून. रस्त्यावर, बसमध्ये, दवाखान्यात मात्र सरळ. मी कधी विचारलं नाही. दोन्ही आप्पा माझेच होते.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा नाडी फक्त मला पाहू दिलीत. शहाद्याचे डॉक्टर आले तर म्हणालात, "मन्ही सून देखी गयी ना." माझ्या हातात तुमचं मनगट होतं आणि तुम्ही कापसाच्या भावाबद्दल विचारत होतात. नाडी कशी चालली आहे ते मला कळत होतं. मी ते सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत. मी फक्त हात सोडला नाही.

आता आज सकाळची गोष्ट सांगते, त्यासाठीच खरं तर लिहायला घेतलं.

सकाळी तापीकाठच्या एका गावाहून एक गृहस्थ आले. साठीचे, पांढरी टोपी, मागे दहा पावलांवर सून, पदर पुढे ओढलेला. त्यांना मी ओळखत नव्हते. यांना वाटलं, उशिरा कळलं असेल, भेटायला आले. ते ओट्यावर बसले, पाणी घेतलं, तुमच्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले की त्यांचाही मुलगा फौजेत आहे. सून सातवी पास आहे. तिला नर्सचं शिकायचं आहे, मुलगाही हो म्हणतो, पण त्यांना स्वतःला ते पटत नव्हतं. आणि गेले वर्षभर तुम्ही दर आठवड्याच्या बाजारात त्यांना गाठून भांडत होतात.

मला यातलं काही माहीत नव्हतं, आप्पा. मायलाही नाही.

"बाजारमा देखं का मी दुसरी गल्ली धरू," ते म्हणाले. "पन आप्पा तठेबी येत. म्हनेत, मन्ही सूनले देख. मन्हा ओटावर डाक्या तिन्हं नाव लेस, मन्ही छाती फुगस." ते थांबले. "शेवटला बाजारमा म्हनेत, तू नुसती पोरले लई ये, खर्चनं मी देखसू. मी आज उद्या करत ऱ्हायनू. आते आप्पाच गयात."

त्यांनी उठायला म्हणून टोपी सारखी केली. ती मुलगी खांबाच्या आड उभी होती. पदराखालून तिची बोटं दिसत होती, एकात एक घट्ट अडकवलेली.

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली.

मी ओट्यावर आले. डोईवरचा पदर सारखा केला आणि त्या गृहस्थांच्या समोर, सरळ, म्हणाले, "काका, बठा. आप्पा गयात, पन त्यासना शबद या घरमाच शे. तिले लई या आठे."

मुलीचं नाव कुसुम आहे. अक्षर चांगलं आहे, मी लिहायला लावून पाहिलं. उद्या ती माझ्याबरोबर तळोद्याला येते आहे, आधी काम डोळ्यांनी बघायला. प्रवेश सुरू झाले की धुळ्याला मी स्वतः घेऊन जाईन. तिचे सासरे म्हणाले, तेही येतील, खाटा बघायच्या आहेत.

— इंदू